इंग्रजीतलं अहो-जाहो आणि अरे-तुरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकवायला बसलं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणतंच, "इंग्रजीचं बरं आहे, सगळ्यांना 'यू' म्हटलं की भागलं. साहेबाला यू, शिपायाला यू, कुत्र्यालाही यू." तिथून जे प्रश्न निघत जातात ते इथे एकत्र केले आहेत. विषय मुळात इंग्लंडचा आहे. आपल्याकडचे धागे जिथे खरोखर जुळतात तेवढेच घेतले आहेत.

इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद खरंच नाही का?

आज नाही. पण सुमारे चारशे वर्षं होता, आणि चांगला कडक होता.

अगदी जुन्या इंग्रजीत एका माणसाला 'दाऊ' आणि अनेकांना 'यी' म्हणत. त्यात मानापमानाचा प्रश्न नव्हता, फक्त एक की अनेक एवढंच. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबार, कचेऱ्या, जमीनदारांची घरं सगळीकडे फ्रेंच शिरली. मोठ्या माणसाला, तो एकटा असला तरी, अनेकवचनात संबोधायची फ्रेंच रीत होती. ती तेराव्या शतकापासून इंग्रजीतही दिसू लागते. मालकाला, बापाला, सरदाराला 'यी' किंवा 'यू'. नोकराला, पोराला, जिवलगाला 'दाऊ'. वरच्या वर्गातले लोक आपसातही 'यू' म्हणत, खालच्या वर्गातले आपसात 'दाऊ'. मूळ नियमाने 'यी' कर्त्याचं रूप आणि 'यू' कर्माचं. पुढे 'यू'ने 'यी'ला गिळलं.

आता गंमत बघा. 'यू आर' मधलं 'आर' हे क्रियापद अनेकवचनी आहे, आपल्या 'तुम्ही आहात' सारखं. म्हणजे इंग्रजांनी टाकलं ते 'तू'. 'तुम्ही' त्यांनी ठेवलं. कुत्र्यालाही ते आज अहो-जाहोच करतात.

'दाऊ' म्हणणं म्हणजे आपलं अरे-तुरे करणंच का?

जवळजवळ तंतोतंत. आपण 'अरे-तुरे करणे' असं क्रियापद केलंय, तसं इंग्रजांनी 'दाऊ' या सर्वनामाचंच क्रियापद केलं होतं.

त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कोर्टातलं आहे. नोव्हेंबर १६०३. लंडनमध्ये प्लेग, म्हणून कोर्ट विंचेस्टरला बसलेलं. आरोपी सर वॉल्टर रॅली, कालपरवापर्यंत पहिल्या एलिझाबेथ राणीच्या मर्जीतला सरदार. आरोप राजद्रोहाचा. सरकारी बाजू मांडणारा ॲटर्नी जनरल एडवर्ड कोक भडकला आणि भर कोर्टात म्हणाला, "आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!" मराठीत सांगायचं तर, "तुला मी अरे-तुरेच करणार, गद्दारा!" पुराव्याने जे होत नव्हतं ते एका सर्वनामाने करायचा प्रयत्न होता. समोरचा 'सर' आहे, सरदार आहे, तरी त्याला सगळ्यांसमोर खाली बसवायचं. रॅलीला शिक्षा झाली. तिची अंमलबजावणी मात्र १६१८ मध्ये झाली.

पण 'दाऊ'ला दोन तोंडं होती, आपल्या 'तू'सारखीच. आपण आईलाही 'तू' म्हणतो आणि भांडण पेटल्यावर शेजाऱ्यालाही. पहिल्यात माया आहे, दुसऱ्यात लायकी काढणं आहे.

मग बायबलात देवाला 'दाऊ' कसं? ऐकायला तर फार आदराचं वाटतं.

तुकोबा विठ्ठलाला काय म्हणतात? 'तू'. आदर कमी आहे म्हणून नव्हे. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेतही 'तुझे नाव पवित्र मानले जावो' असंच आहे.

१६११ साली निघालेल्या इंग्रजी बायबलाच्या भाषांतरात 'दाऊ' केवळ एकवचन म्हणून आलं, कारण मूळ हिब्रू आणि ग्रीकमध्ये एकाला वेगळं आणि अनेकांना वेगळं सर्वनाम होतं. त्या बायबलात देव, राजा, चोर सगळेच 'दाऊ' आहेत. नंतर रस्त्यावरून हा शब्द गेला आणि चर्चमध्ये उरला. देवघरात राहिलेल्या वस्तूला उदबत्तीचा वास लागतो, तसं झालं. १९५२ मध्ये पूर्ण झालेल्या सुधारित अमेरिकन भाषांतराने तर माणसांसाठी 'यू' आणि देवाला उद्देशून मात्र 'दाऊ' अशी वाटणीच केली. म्हणजे जो शब्द कधीकाळी नोकराचा, तो शेवटी फक्त देवाचा झाला.

'तू' गेला कशामुळे?

एकच कारण कुणी ठामपणे सांगू नये. पण शहर हे मोठं कारण दिसतं. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये कोण कुणाचा कोण ते कळेनासं झालं. व्यापारी सरदारासारखे कपडे घालू लागले. अनोळखी माणसाला चुकून 'दाऊ' म्हटलं तर अंगाशी यायचं. 'यू' म्हणायला काही खर्च नव्हता. आपणही स्टॉलवरच्या अनोळखी माणसाला 'तुम्ही'च म्हणतो ना, तसंच. फरक एवढाच की आपण घरी येऊन पुन्हा 'तू'वर येतो, इंग्रज आलेच नाहीत. १७०० च्या सुमारास लंडनच्या शिष्ट बोलण्यातून 'दाऊ' संपल्यात जमा होता.

यात क्वेकर नावाच्या धर्मपंथाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सतराव्या शतकाच्या मध्याला जॉर्ज फॉक्सच्या मागे गेलेली ही माणसं. देवासमोर सगळे सारखे, मग एका माणसाला अनेकवचन लावणं म्हणजे खोटं बोलणं आणि खुशामत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून न्यायाधीश असो की जमीनदार, सगळ्यांना 'दाऊ' आणि त्याचंच कर्माचं रूप 'दी'. कुणासमोर हॅटही काढायची नाही. यापायी त्यांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिले. पेनसिल्व्हेनिया ज्याच्या हातून वसलं तो विल्यम पेन क्वेकर झाला, तेव्हा त्याचे वडील, आरमाराचे ॲडमिरल, म्हणाले की बाबा, कुणालाही दाऊ म्हण, पण तिघांना नको: राजाला, राजाच्या भावाला आणि मला. त्यांना शब्दाचं वावडं नव्हतं, फक्त यादी हवी होती. आपल्या घरांतही ही यादी असतेच.

सगळ्यांना समान करायला क्वेकरांनी खालचं सर्वनाम उचललं. बाकीच्या इंग्रजांनी वरचं उचललं. समानता दोन्हीकडून आली, पण टिकली वरची.

आज इंग्लंडमध्ये 'दाऊ' कुठे ऐकू येतो?

यॉर्कशरमध्ये, बार्न्सलीच्या आसपास जुन्या माणसांच्या तोंडी, 'दा' आणि 'दी' अशा रूपांत. लँकाशरच्या काही भागांत आणि नैर्ऋत्येच्या खेड्यापाड्यांतही. खाणी, गिरण्या, शेती यांचा तो शब्द आहे. तिकडची एक म्हण आहे, तिचा मतलब असा: "मला दा-दा करू नकोस, स्वतःला करून बघ म्हणजे कळेल कसं वाटतं." म्हणजे ज्या भागात शब्द जिवंत आहे, तिथे तो कुणाला म्हणायचा आणि कुणाला नाही याचं भानही जिवंत आहे.

मग 'यू' सगळ्यांना लागू झाल्यावर सर्वनामांतला वर्गभेद संपला?

संपला नाही, त्याने जागा बदलली. मराठीत सर्वनाम ऐकलं की बोलणारा समोरच्याला कुठे बसवतोय ते कळतं. इंग्रजीत आता सर्वनामावरून बोलणारा स्वतः कुठून आलाय ते कळतं. 'वन', 'हूम', 'आय' की इंग्रजी 'मी', 'मायसेल्फ', अनेकांना म्हणायचं 'यूज' ही ती ठिकाणं. पुढचे बहुतेक प्रश्न त्यांचेच आहेत.

'वन' म्हणजे नक्की कोण? राणी स्वतःला 'वन' म्हणायची म्हणतात ते खरं का?

'वन' मुळात कुणीच नाही. 'माणसानं वेळेवर जेवावं' मधला तो 'माणूस'. 'वन मस्ट ईट ऑन टाइम.' इथवर काही खटकत नाही, फक्त जरा कडक इस्त्रीचं वाटतं.

खटकतं ते पुढे. ब्रिटिश उच्चभ्रू लोकांत 'आय' म्हणायच्या जागी 'वन' म्हणायची सवय होती. 'मला वाईट वाटलं' याऐवजी 'माणसाला वाईट वाटतं.' स्वतःला पुढे करायचं नाही, भावना तर नाहीच. राजघराण्याची ही ओळखच झाली आणि विनोदवाल्यांना आयतं गिऱ्हाईक मिळालं. नोव्हेंबर १९९२ मध्ये विंडसर किल्ल्याला आग लागली, त्या वर्षी राजघराण्यातले संसारही मोडले होते. चारच दिवसांनी राणी दुसऱ्या एलिझाबेथने भाषणात त्या वर्षाला लॅटिनमध्ये 'भयंकर वर्ष' म्हटलं. दुसऱ्या दिवशी 'द सन' या वृत्तपत्राचा मथळा: 'वन्स बम इयर', म्हणजे 'माणसाचं भिकार वर्ष'. 'वन्स' हा राजवाड्याचा शब्द, 'बम' गल्लीतला. दोन शब्दांत आख्खी इंग्लिश समाजरचना.

मराठी माणसाला हे समजायला अजिबात अवघड नाही, कारण आपल्याकडे 'आपण' आहे. 'आपल्याला नाही बुवा जमणार' असं म्हणणारा स्वतःबद्दलच बोलत असतो. आणि मुंबईच्या रस्त्यावरचं 'अपुन' तर त्याचं सख्खं भावंड. व्याकरणाची युक्ती तीच: सगळ्यांना सामावणारं सर्वनाम घ्यायचं आणि त्याआड स्वतः उभं राहायचं. तिकडे ते राजवाड्यात सापडतं, इकडे नाक्यावर. सर्वनामात उच्च-नीच असं मुळात काही नसतं हे याहून चांगलं मला दाखवता येणार नाही.

जाता जाता: ब्रिटिश माणूस एकदा 'वन' म्हणाला की शेवटपर्यंत 'वन… वन्स' ओढत नेतो, जुनी अमेरिकन रीत दुसऱ्या वेळी 'ही… हिज' वर येण्याची. परीक्षेच्या निबंधात एखादा 'वन' चालतो. मुलाखतीत स्वतःबद्दल 'वन' म्हणाल तर समोरचा ओठ दाबून हसेल.

राजेलोक 'वुई' म्हणतात ते वेगळं का?

वेगळं. ते आपलं 'आम्ही'. 'आम्ही हुकूम देतो' मधलं. राजपत्रांत ते असे. एलिझाबेथ राणी भाषणात मात्र साधं 'आय' किंवा 'माय हझबंड अँड आय' म्हणायची, आणि त्या शब्दांची इतकी नक्कल झाली की १९७२ मध्ये लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या भाषणात तिने स्वतःच त्यावरून विनोद केला. उलट तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर, किराणा दुकानदाराची मुलगी, मार्च १९८९ मध्ये नातू झाल्यावर पत्रकारांना म्हणाल्या, "वुई हॅव बिकम अ ग्रँडमदर." 'आम्ही आजी झालो.' लोकांनी ते कधी विसरू दिलं नाही. पाटलाने 'आम्ही' म्हटलं तर कुणी मान वर करत नाही, तेच नव्या सरपंचाने म्हटलं की कुजबुज होते. तसलंच हे.

'इट इज आय' बरोबर की 'इट्स मी'? आणि 'बिट्वीन यू अँड आय'?

बोलताना 'इट्स मी' (हा 'मी' इंग्रजी, म्हणजे आपला 'मला'). दार वाजवल्यावर 'इट इज आय' म्हणणारा इंग्रज मला अजून भेटायचाय. तो नियम लॅटिनच्या धर्तीवर व्याकरणकारांनी बसवला आणि शाळामास्तरांनी जपला. आपल्याला तो पटकन पटतो, कारण आपण आतून विचारलं "कोण?" की "मी!" म्हणतो, 'मला' म्हणत नाही.

'बिट्वीन यू अँड आय' ची गोष्ट जास्त रंगतदार आहे. इंग्रज पोर म्हणतं, 'मी अँड टॉम वेंट'. आई दटावते, 'टॉम अँड आय!' दहा वेळा दटावल्यावर पोराच्या डोक्यात बसतं की 'मी' गावठी आणि 'आय' सभ्य. मग ते नको तिथेही 'आय' लावतं. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' मध्येही 'बिट्वीन यू अँड आय' आहे, तेव्हा चूक आजची नाही. पण आज ते ऐकलं की कान टवकारतात आणि मनात शिक्का बसतो: शिकलेलं दिसायची धडपड.

हे आपल्याला परकं नाही. 'पानी' म्हटल्यावर ज्याला वर्गात हसले, तो पुढे घाबरून 'विणंती' आणि 'अणुभव' लिहितो. दुकानांच्या पाट्यांवर बघा. चूक अज्ञानाची नसते, चटका बसल्याची असते. हसणाऱ्याने आधी तो चटका कुणी दिला ते आठवावं. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६६ साली न्यूयॉर्कच्या अभ्यासात हेच 'र'च्या उच्चारात दाखवलं होतं: जपून वाचायला सांगितलं की कनिष्ठ मध्यमवर्ग वरच्या वर्गापेक्षाही जास्त 'र' उच्चारतो. ज्याला घसरायची भीती तो जास्त घट्ट धरतो.

वरचे लोक मात्र निर्धास्त. १९५४ मध्ये बर्मिंगहॅमच्या ॲलन रॉस या प्राध्यापकाने उच्चवर्गीय आणि बाकीच्यांच्या शब्दांची तुलना केली, आणि पुढच्या वर्षी नॅन्सी मिटफर्डच्या लेखाने ती घरोघर पोचवली. निष्कर्ष मजेशीर होता: नीट ऐकू आलं नाही तर मध्यमवर्गीय नम्रपणे 'पार्डन?' म्हणतो, उमराव सरळ 'व्हॉट?' म्हणतो. नाजूक शब्द मधल्यांचा, रोखठोक शब्द वरच्यांचा.

तुमच्यासाठी तोडगा सोपा आहे. मराठीत करून बघा. 'तुझ्या-माझ्यात' म्हणता, 'तू-मीत' म्हणत नाही. म्हणजे 'बिट्वीन यू अँड मी'.

'हूम' वापरावं का?

लिहिताना अव्ययानंतर लगेच आलं तर वापरा: 'टू हूम', 'विथ हूम'. बोलताना 'हू' ने काही बिघडत नाही. भलत्या जागी 'हूम' आलं की मात्र फजिती. जुन्या बटलरांच्या विनोदांतलं वाक्य आहे: 'हूम शॅल आय से इज कॉलिंग?' ऐकायला भारदस्त, पण चूक. इथेही मराठी कामाला येते: "कोण आलंय म्हणून सांगू?" 'कोण' आलं ना, 'कोणाला' नाही? मग 'हू'.

'मायसेल्फ प्रकाश' म्हटलं की लोक हसतात. का?

कारण भारतात तो मातृभाषेतून शिकल्याचा शिक्का मानला जातो. 'आयम प्रकाश' म्हणा, संपलं. पण हसणाऱ्यांना एवढं सांगा की खुद्द इंग्लंडमध्ये दुकानदार आणि फोनवरचे विक्रेते 'प्लीज काँटॅक्ट मायसेल्फ', 'अँड फॉर युअरसेल्फ, सर?' म्हणतच असतात. 'आय' की 'मी' हा धोका टाळायचा आणि वर लांब शब्द वापरल्याचा आब मिळवायचा, असा दुहेरी डाव. तिथेही वरचे लोक त्याला नाक मुरडतात.

आयर्लंडमधलं 'हिमसेल्फ' मात्र निराळं. 'इज हिमसेल्फ ॲट होम?' म्हणजे घरधनी आहेत का. आपल्या 'आमचे हे' च्या जातीचं.

'टू-थ्री-वन'चा नियम काय? तो शिष्टाचार आहे की व्याकरण?

शिष्टाचार. आधी समोरचा, मग तिसरा, शेवटी आपण: 'यू, ही अँड आय'. रेन आणि मार्टिनच्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात हे चांगल्या रीतीभातीच्या नावावर सांगितलंय आणि स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसनी त्याचं २-३-१ केलं. चूक कबूल करताना १-२-३, म्हणजे आधी आपण. इंग्रजांना हा आकडा सांगितला तर ते चकित होतात. त्यांच्याकडे आई 'आय शेवटी!' म्हणून दटावते तेवढंच.

'यूज' आणि 'यॉल' अशुद्ध आहेत का?

ती डागडुजी आहे. 'दाऊ' गेल्यावर इंग्रजीत एकाला काय आणि दहांना काय, एकच 'यू' उरला. अडचण खरी होती. आयरिश लोकांच्या स्वतःच्या भाषेत एक आणि अनेक वेगळे, म्हणून त्यांनी 'यूज' केला. तो लिव्हरपूल, ग्लासगोपर्यंत गेला. अमेरिकेच्या दक्षिणेत 'यॉल' झाला. लंडनकर 'यू लॉट' म्हणतो. छप्पर गळत होतं ते ज्यांनी शाकारलं, त्यांनाच अडाणी ठरवलं. नोकरीच्या अर्जात लिहू नका. पण बोलणाऱ्याला दुरुस्त करायलाही जाऊ नका.

कोर्टात 'युअर लॉर्डशिप' म्हणतात, त्याला 'यू' का चालत नाही?

तिथे 'यू' देखील जास्त जवळचा वाटतो, म्हणून माणसाऐवजी त्याच्या पदाशी बोलायचं. 'महाराजांनी लक्ष घालावं' मध्ये समोर उभ्या महाराजांना आपण तृतीयपुरुषी करतो ना, तसं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००६ मध्ये 'युअर ऑनर' किंवा 'ऑनरेबल कोर्ट' पुरेसं आहे असं सुचवलं. मुंबईत उच्च न्यायालयात जाऊन बसा, 'माय लॉर्ड' दर दोन वाक्यांनी ऐकू येईल.

लंडनच्या ऑफिसात साठीच्या साहेबांना नुसतं 'डेव्हिड, यू…' म्हणताना जीभ अडते. काय करू?

अडणारच, तुमच्या जिभेला 'यू' हा 'तू' वाटतोय. इंग्रजीत आदर सर्वनामात राहिला नाही, तो क्रियापदाच्या आजूबाजूला गेला. 'सेंड मी द फाइल' आणि 'कुड यू पॉसिब्ली सेंड मी द फाइल' यांत जे अंतर आहे ते 'फाइल दे' आणि 'फाइल द्याल का जरा' यांतलं. तेव्हा नाव बेधडक घ्या आणि 'कुड', 'वुड' विसरू नका. 'सर' घालत बसलात तर डेव्हिडला वाटेल तुम्ही रागावलात. आणि तरीही चैन पडत नसेल, तर 'यू' म्हणताना मनातल्या मनात 'तुम्ही' म्हणा. शब्दाच्या मूळ अर्थाला धरूनच आहे ते.